ही ओवी कुणाची

साताऱ्याला एका सहकाऱ्याच्या लग्नाला निघालो होतो. गाडीत आम्ही पाच जण. शिरवळ मागे पडलं तेव्हा मागच्या सीटवरून टूम निघाली, प्रत्येकानं आपल्या फोनवरचं एकेक गाणं लावायचं. कुणी जुनं हिंदी लावलं, कुणी कोकणातल्या देवळातलं भजन, एकानं शाळेच्या गॅदरिंगला नाचलेलं गाणं लावलं आणि सगळे त्यावर टाळ्या वाजवत बसले. माझी पाळी आली तेव्हा खंबाटकी घाट सुरू झाला होता. मी फार विचार न करता जमिला वुड्स या अमेरिकन गायिकेचं 'बॉल्डविन' लावलं. गाडीत एकदम तिचा तो मऊ, न घाईचा आवाज पसरला. दोन वळणं कुणी काही बोललं नाही. मग शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं विचारलं, "काय म्हणतेय ती?" मी सांगितलं, म्हणतेय की आमच्या गोष्टीतलं तुम्हाला काही ठाऊक नाही आणि दरवेळी ती तुम्ही चुकीचीच सांगता. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "आवाज किती छान आहे गं. पण गाण्यात राजकारण कशाला आणायचं?" तिच्या बोलण्यात खोच नव्हती. डबा उघडल्यावर 'आज भाजीला मीठ जरा जास्त झालंय' म्हणावं तितक्या सहज ती म्हणाली. आणि मी म्हणाले, "हो ना." एवढं म्हणून थांबले नाही. हात पुढे करून गाडीच्या टेपचं गोल बटण डावीकडे फिरवलं. आवाज कमी कर, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं.

लग्न छान झालं. जेवणात सातारी कंदी पेढे होते. परत येताना बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा सगळे झोपले होते आणि मी माझ्या उजव्या हाताकडे बघत होते.

ते गाणं ज्यातलं, तो जमिलाचा 'लेगसी! लेगसी!' हा अल्बम मे २०१९ मध्ये आला. मी तो ऐकला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, पुण्याच्या भाड्याच्या खोलीत, दोरीवर न वाळणाऱ्या कपड्यांच्या वासात. जमिला शिकागोच्या दक्षिण भागातली. गायिका होण्याआधीपासून कवी, आणि 'यंग शिकागो ऑथर्स' नावाच्या संस्थेत शाळा-कॉलेजातल्या पोरांना कविता लिहायला शिकवणारी. हे माहीत नसतं तरी कळलं असतं, कारण तिचं गाणं ऐकताना आधी शब्द कानात शिरतात आणि चाल मागून, शब्दांना सांभाळत येते. 'सोल' या अमेरिकेतल्या काळ्यांच्या गायकीत आवाज छपराला लावायची मोठी परंपरा आहे. चर्चमधून आलेली, ऐकणाऱ्याला उभं करणारी. जमिला तशी गात नाही. ती स्वयंपाकघरात आपल्याच नादात गुणगुणावं तशी गाते आणि त्या गुणगुणण्यात एखादं वाक्य असं ठेवून देते, की आपला हातातला चमचा थांबतो. मला त्या दिवशी थांबवलं ते मात्र गाण्यानं नाही, गाण्यांच्या यादीनं. तेरा गाणी, आणि प्रत्येकाला एका माणसाचं नाव. बेटी, झोरा, जिओव्हानी, सोनिया, फ्रीडा, अर्था, माइल्स, मडी, बास्किया, सन रा, ऑक्टेव्हिया, बॉल्डविन, आणि शेवटी पुन्हा एकदा बेटी. कवी, गायक, चित्रकार, कादंबरीकार. फ्रीडा सोडली तर सगळे अमेरिकेतले काळे लोक. त्यांतली निम्मी नावं मला तेव्हा माहीतही नव्हती. पण ही यादी मी कुठंतरी ऐकलीय, असं सारखं वाटत राहिलं.

दोन दिवसांनी भांडी घासताना उलगडलं. ही तर ओवी आहे.

माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा मोजून ओव्या म्हणायची. पहिली माझी ओवी बुद्धाला, दुसरी भीमरायाला, तिसरी रमाईला, चौथी माहेरच्या भावाला, पाचवी... असं करत करत पायलीभर ज्वारी सरायची. दळण संपल्याशिवाय नावं संपत नसत. कमी पडली तर शेजारणीच्या लेकाला एक ओवी मिळायची, गल्लीत नव्या आलेल्या सुनेला एक. आजीच्या आईच्या वेळी हीच ओवी पंढरीच्या विठ्ठलाला आणि जेजुरीच्या खंडोबाला असणार. १९५६ नंतर नावं बदलली, जातं तेच राहिलं आणि चालही तीच. लहानपणी मला वाटायचं, आजी देवाधर्माचं काहीतरी म्हणतेय. आता वाटतं, ती आपली माणसं मोजत होती. माझ्यामागे कोण कोण उभं आहे, ते पहाटेच्या अंधारात एकदा मोठ्यानं म्हणून बघत होती. जमिलानं तेच केलंय. फरक इतकाच, की तिनं मोजलेली बरीचशी माणसं तिला कधी भेटलेली नाहीत. ती तिनं पुस्तकांतून, रेकॉर्डींतून आणि जुन्या मुलाखतींतून गोळा केली. 'जिओव्हानी' हे गाणं निक्की जिओव्हानीच्या एका गाजलेल्या कवितेवरून सुचलेलं आहे. त्या कवितेतली बाई म्हणते की पिरॅमिड मी आखला, नाईल नदी माझ्या आसवांची. जमिला त्या बाईच्या शेजारी जाऊन बसते आणि आपल्या आवाजात सांगते, की मला हलवून पुन्हा मांडायची परवानगी कुणालाही नाही.

घरातलं सामान हलवतात तसा शब्द वापरलाय तिनं. ते मला फार आवडतं.

आमच्या घरात दुसरं गाणं होतं ते पप्पांच्या टेपमध्ये. आम्ही तेव्हाच्या औरंगाबादला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. पप्पा कारकून. कपाटाच्या वरच्या फळीवर चपलांच्या खोक्यात कॅसेट असत. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, वामनदादा कर्डकांची गाणी, आणि हातानं नाव लिहिलेल्या काही, ज्या कुणाकडून तरी भरून आणलेल्या. रविवारी सकाळी डोक्याला तेल लावून, बनियनवर बसून पप्पा कॅसेट लावत. रीळ सैल झालं असेल तर आधी पेन्सिल घालून फिरवत. मग खट्कन् बटण दाबलं की पहिले काही सेकंद नुसती खरखर, आणि मग ढोलकी. त्या ढोलकीनं खोलीचा आकार बदलायचा. पप्पा ऑफिसात जसे बसत असतील तसे त्या वेळी बसत नसत. पाठ सरळ व्हायची. पण दाराची बेल वाजली की त्यांचा हात आधी टेपकडे जायचा. बंद नाही करायचे कधी. अंगठा आणि तर्जनीत ते गोल बटण धरून डावीकडे फिरवायचे, बरोबर इतकं, की गाणं आमच्यापुरतं उरावं आणि दारातल्या माणसापर्यंत जाऊ नये. मग दार उघडून, "या या, साहेब." समोरच्या क्वार्टरमधले काका पेपर मागायला आलेले असायचे. चांगले होते काका. आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा रात्री दीडला रिक्षा शोधायला तेच धावले होते. आणि तरी बटण डावीकडे जायचं. ती खूण आम्हा भावंडांना न सांगता कळली होती. पप्पा घरात नसले आणि बेल वाजली, तर मी उठून फिरवायचे.

घाटात जो हात पुढे गेला तो हाच. चाळिशीला आलेला, लॅपटॉप चालवणारा, ईएमआय भरणारा हात, आणि सवय सात वर्षांच्या पोरीची.

या अल्बममधलं 'मडी' हे गाणं मी पूर्वी मधूनच ऐकायचे. त्या प्रवासानंतर आठवडाभर तेवढंच ऐकलं. मडी वॉटर्स मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यातला. ट्रॅक्टर चालवायचा, शनिवारी गिटार वाजवायचा. १९४३ मध्ये तो शिकागोला आला. त्या काळात दक्षिणेतून लाखो काळी माणसं अशीच गाडीत बसून उत्तरेकडे निघाली होती, पोटासाठी आणि जिवाच्या भीतीनंही. मराठवाड्यातून मुंबईला आणि पुण्याला गेलेल्या माणसांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. मळ्यातल्या ओसरीवर साध्या लाकडी गिटारीचा आवाज पुरायचा. शिकागोच्या दारूच्या गुत्त्यांमध्ये, गिऱ्हाइकांच्या कलकलाटात तो कुणाला ऐकूच येईना. म्हणून त्यानं विजेवरची गिटार घेतली. इतकं साधं कारण. आणि त्या साध्या कारणानं जगाचं संगीत बदललं. पुढं समुद्रापलीकडची गोरी पोरं त्याच्या रेकॉर्डी घासून घासून ती वाजवायला शिकली, त्यातल्या एका बँडनं तर आपलं नावच त्याच्या गाण्यावरून ठेवलं. जमिलाच्या गाण्यात मडी म्हणतो, बघा माझ्या बोटांकडे, करा अभ्यास, आरशासारखं उभं राहा माझ्यासमोर. ही वाक्यं येतात तेव्हा तिच्याही गाण्यात गिटार विजेनं करकरते. एरवी इतक्या हळू बोलणाऱ्या अल्बमात तो करकराट मुद्दाम ठेवलेला आहे. कुणाला ऐकू येत नसेल तर माणूस दोन गोष्टी करू शकतो. पप्पांनी एक केली, मडीनं दुसरी. मी पप्पांना यात उणं म्हणणार नाही. मडीला गुत्त्यात वाजवायचं होतं, पप्पांना त्या क्वार्टरमध्ये आम्हाला वाढवायचं होतं.

मैत्रिणीच्या प्रश्नाकडे मी पुन्हा पुन्हा येते. गाण्यात राजकारण कशाला? मला वाटतं, तिनं 'फ्रीडा' ऐकलं असतं तर हा प्रश्न आला नसता. ते प्रेमाचं गाणं आहे. चित्रकार फ्रीडा काहलो आणि तिचा नवरा दिएगो रिव्हेरा यांची मेक्सिको सिटीत दोन वेगळी घरं होती, एक तिचं, एक त्याचं, आणि वर गच्चीतून जोडणारा एक अरुंद पूल. जमिला त्या पुलावर गाणं उभं करते. भेटू, पण मला माझं घर हवं. माझ्या ओळखीच्या किती बायकांनी हे वाक्य नुसतं मनात म्हटलंय. मी स्वतः, लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी, बेसिनपाशी उभी राहून म्हटलंय. मग हे गाणं राजकारणाचं नाही? 'अर्था'मध्ये ती गायिका-नटी अर्था किटचं एक प्रसिद्ध उत्तर पकडते. एका माहितीपटात तिला विचारतात, पुरुषासाठी तडजोड करशील का? अर्था आधी हसते. हसत हसत मागं रेलते आणि उलट विचारते, तडजोड? कशासाठी? याच अर्था किटला जानेवारी १९६८ मध्ये व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं होतं. विषय होता तरुणांची गुन्हेगारी. तिथं राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीसमोर उभं राहून ती म्हणाली, की तुम्ही आमच्या पोरांना व्हिएतनामच्या लढाईवर पाठवता आणि वर विचारता ती बिथरली का. जेवणाच्या टेबलावर राजकारण कशाला, असं तिथंही कुणाला तरी वाटलं असणारच. त्यानंतर कित्येक वर्षं तिला स्वतःच्या देशात धड काम मिळालं नाही, युरोपात गाऊन पोट भरावं लागलं. तडजोड नाकारणारी बाई बेडरूममध्ये एक आणि व्हाइट हाउसमध्ये दुसरी, अशी दोन नसते. जमिला तिच्यावर प्रेमगीत लिहिते आणि हे दोन्ही त्या एका गाण्यात मावतं. हे मी मैत्रिणीला सांगू शकले असते. घाट चांगला वीस मिनिटांचा होता.

ज्याच्या जगण्यात राजकारण न विचारता येऊन बसतं, त्याच्या गाण्यातून ते काढायचं तर नेमकं काय काढायचं? भूक काढायची? आडनाव?

आडनावावरून आठवलं. नावांचा विचार करताना या अल्बममधल्या एका गोष्टीनं मला बराच काळ धरून ठेवलं. पहिलं आणि शेवटचं गाणं बेटीचं आहे. बेटी डेव्हिस, 'फंक' या ठेकेदार संगीताची गायिका. १९७३ ते १९७५ या काळात तिनं एकामागून एक तीन अल्बम काढले, असे धीट की रेडिओवाल्यांना झेपेनात, आणि मग दशकानुदशकं ती शांत झाली. जग तिला ओळखत राहिलं ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची एकेकाळची बायको म्हणून. लग्न टिकलं जेमतेम वर्षभर, आडनाव जन्मभर. जमिलाच्या यादीत माइल्सही आहे, पण मध्ये कुठंतरी सातवा. दार बेटी उघडते आणि बेटीच लावते. हे लक्षात आलं तेव्हा मला सोयराबाई आठवली. चौदाव्या शतकातली आमची सोयराबाई अभंगाच्या शेवटी सहसा स्वतःचं नाव घालत नाही. 'म्हणे चोखियाची महारी' अशी सही करते. नवऱ्याचं नाव, मग जात. मी शाळेत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खाली मान घातली होती. वर्गात कुणी माझ्याकडे पाहत होतं म्हणून नाही, पाहतील म्हणून. आज ती सही मला निराळी दिसते. ज्या दोन गोष्टींनी तिला बांधलं होतं, त्याच दोन गोष्टी तिनं सहाशे-सातशे वर्षं टिकतील अशा जागी, खुद्द देवाला उद्देशून लिहिलेल्या ओळीत नेऊन ठेवल्या. पण हे म्हणताना माझं मन पूर्ण मानत नाही. मला अजून हवंय, की एखाद्या तरी अभंगाखाली नुसतं 'सोयरा म्हणे' एवढंच असावं.

झोरा नील हर्स्टनचं तसंच. इतकी मोठी लेखिका, १९६० साली फ्लोरिडात हलाखीत गेली आणि पुरली गेली ती बिननावाच्या जागी. १९७३ मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकर कमरेएवढ्या गवतातून चालत तिची कबर शोधायला गेली आणि अंदाजानं सापडलेल्या जागी तिनं नावाचा दगड बसवला. 'झोरा' हे गाणं ऐकताना मला तो दगड दिसतो. पुढच्या बाईनं मागच्या बाईचं नाव दगडात कोरलं, त्याच्या पुढच्या बाईनं ते गाण्याला दिलं.

आणि 'ऑक्टेव्हिया'. खरं सांगायचं तर हे गाणं मला अजून न रडता पूर्ण ऐकता येत नाही. ऑक्टेव्हिया बटलर विज्ञानकथा लिहायची. तिची आई लोकांच्या घरची धुणीभांडी करायची. वहीच्या आतल्या पानावर ती स्वतःला उद्देशून लिहून ठेवायची, की मी खूप वाचली जाणारी लेखिका होईन, माझ्यासारख्या गरीब काळ्या पोरांना मदत करीन. आणि शेवटी आज्ञा दिल्यासारखं, तसंच होवो, आणि ते तूच घडव. गाण्यात जमिला मागं जाते, जेव्हा एक ओळ लिहिणं हा गुन्हा होता. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवायला कायद्यानंच बंदी होती. तिचे पूर्वज जिवावर उदार होऊन चुलीच्या उजेडात अक्षरं शिकले. इथं माझी आजी येते. माझी आजी पन्नाशी ओलांडल्यावर साक्षरतेच्या वर्गाला जायला लागली. रात्री आठला समाजमंदिरात, चाळीसच्या पिवळ्या बल्बखाली. मला सुट्टीत सोबत न्यायची. तिच्या नावात तीन अक्षरं आणि त्यात एक 'म'. तो 'म' तिला जमायचा नाही. आडवी रेघ ओढायची, खालची गाठ घालायची आणि उभी रेघ खाली आणताना तिचा हात पाटीवरून सरळ फरशीवर जायचा, कारण जिथं थांबायचं तिथं थांबणं तिच्या हाताला माहीत नव्हतं. कुदळ धरणारा हात, खुरपं धरणारा, कापसाच्या बोंडाच्या टोकांनी नखांभोवती चिरलेला. पाटीवरची पेन्सिल ती खुरप्यासारखी मुठीत धरायची. महिनाभरानं एका रात्री तो 'म' उभा राहिला. जरा तिरका, पण पाटीच्या आत. आजी त्याच्याकडे पाहत बसली आणि मग तिनं तो पुसू दिला नाही, पाटी तशीच घरी आणली. पुढच्या पगाराला बँकेत तिनं सही केली. त्याआधी अंगठा द्यायची आणि निळी शाई डोक्याच्या केसांना पुसायची. त्या दिवशीही सवयीनं तिचा अंगठा केसांकडे गेला, आणि कोराच परत आला.

१८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांगाच्या पोरीनं 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला तेव्हा अमेरिकेत गुलामी चालूच होती. अठरा वर्षांनी जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते, गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईतल्या पोरांनी तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेला पँथर नाव दिलं. ही येजा फार जुनी आहे, मी तिला काही नवीन जोडत नाहीये. उलट मला कधीकधी अपराधी वाटतं. जमिलाच्या पोरांना रस्त्यावर पोलीस अडवतात, ती भीती कातडीवर लिहिलेली असते, काढून ठेवता येत नाही. मला गाडीत बसलेलं कुणी पाहून ओळखत नाही. माझ्याबद्दल कळायला आधी आडनाव विचारावं लागतं, मग गाव, मग 'म्हणजे नेमके कुठले?' या विचारण्याची वाट बघण्यात जो घाम येतो तो तिच्या घामासारखाच असतो, असं मला म्हणवत नाही. पण त्या रात्री 'बास्किया' लावलं आणि तिनं तोच तोच प्रश्न पुन्हा विचारला, रागावलीस का? रागावलीस का? आणि उत्तर आलं, हो, रागावलेय, तेव्हा मी अंधारात उशीवर मान हलवली होती. चित्रकार बास्कियाला एकदा मुलाखतीत विचारलं होतं, तुम्हाला कशाचा राग येतो. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, आठवत नाही.

गेल्या दिवाळीत मी पप्पांना टेपच्या बटणाबद्दल विचारलं. ते आता निवृत्त, गुडघे दुखतात, फोनवर बातम्या बघतात. म्हटलं, पप्पा, बेल वाजली की तुम्ही आवाज कमी करायचात, आठवतं? ते चष्मा पुसत होते. एक काच पुसून झाली, दुसरी झाली, मग पहिली पुन्हा. म्हणाले, "कुठलं काय. मला नाही आठवत." आणि थोड्या वेळानं आईला हाक मारून म्हणाले, ते चपलांचं खोकं माळ्यावर आहे का बघ.

दिवाळीनंतर आत्याकडे गेले. बीडकडच्या गावाला. आत्या आजीची थोरली लेक, आता सत्तरीच्या पुढची. जातं अंगणात कोपऱ्यात आहे, त्याच्या पाळूवर कोंबडी बसते. पीठ गिरणीतून येतं. दुपारी जेवणं झाल्यावर मी ओसरीत पडल्या पडल्या फोनवर अल्बम लावला, उशीजवळ, हळूच. आत्या लसूण सोलत होती.

"काय लावलंस गं?"

"आत्या, गाणी आहेत. तिकडची, अमेरिकेतली. एकेक गाणं एकेकाच्या नावाचं आहे."

"म्हंजी ओव्याच की." मी उठून बसले. मी तिला ओवीचं काही सांगितलं नव्हतं. "मग मोठ्यानं लाव ना, मला कमी ऐकू येतं. उशीखाली काय घातलंस?"

मी फोनच्या कडेचं बटण दाबत गेले. पडद्यावरची पट्टी पार भरेपर्यंत दाबलं. ओसरीचे पत्रे त्या आवाजानं बारीक थरथरले. शेजारच्या अंगणातली बाई डोकावून गेली. आत्या दर गाण्याला विचारत होती, ही कुणाची? मी सांगत होते. ही एक लिहिणारी होती, हिच्या थडग्यावर नावच नव्हतं. ही एक नाचणारी, गाणारी, हिनं मोठ्या लोकांच्या पंगतीत बसून त्यांना सुनावलं. हा एक कापसाच्या रानातला. "कापसाच्या?" आत्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. लसणाची टरफलं वाऱ्यानं उडून माझ्या ओढणीवर येत होती. बाराव्या गाण्याला, बॉल्डविनला, ती म्हणाली, "समद्यांची नावं घेतली. तिची सोताची कंची गं?"

मी म्हटलं, तिच्या नावाचं एकपण नाही, आत्या.

तिनं हातातली पाकळी परडीत टाकली, दुसरी घेतली नाही. तेवढ्यात तेरावं सुरू झालं. ठेका पार निराळा, नाचायला लावील असा, धडधडणारा. आत्या मान तिरकी करून ऐकत राहिली. तिला त्यातला एक शब्द कळत नव्हता.

"ही तर पयलीच," ती म्हणाली. "पयलीच आली की परत."

आणि तिचा उजवा हात, लसणाच्या वासाचा, मांडीवर आपसूक गोल फिरायला लागला.